थ्रेड.स्लीप(५०००) यास खुलं पत्र

प्रति,
थ्रेड.स्लीप(५०००),
मुक्काम पोस्ट चाचणीच्या फाइलमधली कुठलीही ओळ

स्लीप,

पत्राच्या आरंभी नमस्कार लिहायचा रिवाज आहे. तुला नमस्कार नाही. तू जिथे जिथे ठाण मांडून बसला आहेस तिथून तुला उठवायला हे पत्र लिहिते आहे. ते खुलं अशासाठी की तुला तिथे बसवणाऱ्यांच्याही ते वाचनात यावं.

तुझं काम एका वाक्यात सांगून होतं. चाचणी चालू असते, तुझी ओळ येते, सगळं ५००० मिलिसेकंद, म्हणजे पाच सेकंद थांबतं आणि मग पुढे सरकतं. कशाची वाट पाहिली, जे व्हायला हवं होतं ते झालं का, याच्याशी तुला काही देणंघेणं नाही. खिडकी उघडली तरी पाच सेकंद, नाही उघडली तरी पाच सेकंद. इतकं निरर्थक काम इतक्या इमानाने करणारं दुसरं काही मी या धंद्यात पाहिलेलं नाही.

एखाद्या साध्या फॉर्मच्या चाचणीत तू बसलास तर वेळ खातोस, एवढंच. मला तुझा राग आहे तो दुसऱ्या कारणासाठी. अनेकांनी मिळून एकाच फाइलमध्ये कोड लिहायचा असतो, त्या एडिटर प्लगइनच्या चाचणीत तू शिरतोस, आणि तिथे जी एकमेव गोष्ट तपासायची असते तिचाच गळा घोटतोस. वर निकाल हिरवा दाखवतोस.

खरं उदाहरण घेते. बर्लिनच्या फ्राए विद्यापीठात २००६ साली एक्लिप्स या कोड लिहायच्या साधनासाठी सारोस नावाचा प्लगइन सुरू झाला. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले दोन किंवा अधिक जण एकच प्रोजेक्ट उघडतात, आणि एकाने टाइप केलेलं अक्षर बाकीच्यांच्या एडिटरमध्ये उमटतं. निरोपांची ने-आण एक्सएमपीपी या चॅटच्या प्रोटोकॉलवरून होते. अशा प्लगइनची चाचणी एकाच एक्लिप्समध्ये, एका खिडकीत होऊच शकत नाही. म्हणून सारोसच्या लोकांनी स्वतःची चौकट उभी केली. तिच्यात अ‍ॅलिस, बॉब, कार्ल अशी पात्रं आहेत आणि प्रत्येकाचं स्वतंत्र एक्लिप्स चालू असतं. जेयुनिटची एक चाचणी जावाच्या आरएमआयमधून या सगळ्यांना दुरून हुकूम सोडते, आणि प्रत्यक्ष मेनू उघडणं, बटण दाबणं, अक्षर टाइप करणं ही कामं एसडब्ल्यूटीबॉट करतो. हा एसडब्ल्यूटीबॉट केतन पाडेगावकर यांनी सुरू केला आणि पुढे तो एक्लिप्सच्या अधिकृत प्रकल्पांत आला. परदेशातल्या प्लगइनच्या पोटात एका मराठी आडनावाच्या माणसाचं काम असावं, याचं मला कौतुक वाटतं. एवढ्या मेहनतीने उभं केलेलं हे यंत्र वाया घालवायला तुझी एक ओळ पुरते, म्हणून तर हा संताप.

कशी वाया घालवतोस ते दाखवते. फाइलमध्ये "रस" असा मजकूर आहे. अ‍ॅलिस पहिल्या जागी "स" घालते. त्याच क्षणी, तिचा बदल पोचण्याआधी, बॉब दुसऱ्या जागेवरचं अक्षर पुसतो. अ‍ॅलिसकडे आता "सरस" आहे, बॉबकडे "र". मग निरोपांची अदलाबदल होते. प्लगइनने निरोप जसाच्या तसा लागू केला, तर बॉबकडे पहिल्या जागी "स" येऊन "सर" होतं. अ‍ॅलिसकडे मात्र दुसऱ्या जागेवर आता "र" असतो, तोच पुसला जातो आणि "सस" उरतं. दोघांना वाटतं की आपण एकच फाइल पाहतो आहोत, आणि फाइल दोन झालेल्या असतात. योग्य वागणारा प्लगइन बॉबचा "दुसऱ्या जागेवरचं पूस" हा हुकूम अ‍ॅलिसकडे "तिसऱ्या जागेवरचं पूस" असा बदलून घेतो, आणि दोन्हीकडे "सर" येतं. सहलेखनाच्या एडिटरचा सगळा जीव या बदलून घेण्यात आहे.

आता तू ये. अ‍ॅलिसने "स" टाइप केला. पाच सेकंद. तेवढ्यात तिचा बदल बॉबकडे पोचला, त्याच्या एडिटरमध्ये "सरस" दिसायला लागलं. मग बॉबने शेवटचं अक्षर पुसलं. पाच सेकंद. दोन्हीकडे "सर". चाचणी पास.

यात एकाच वेळी काय घडलं? काहीच नाही. दोघांनी आळीपाळीने टाइप केलं. त्यासाठी सहलेखनाचा एडिटर कशाला हवा, फाइल ईमेलने पाठवली असती तरी भागलं असतं. बदलून घेण्याचा कोड अख्खा उडवून टाकला तरी ही चाचणी पासच होईल. मी तसं करून पाहिलं आहे. ती पास झाली.

ही काळजी अनाठायी नाही. १९८९ साली क्लॅरेन्स एलिस आणि सायमन गिब्ज यांनी ग्रोव्ह या सामायिक संपादकासाठी बदलून घेण्याची डीऑप्ट ही पद्धत मांडली. या क्षेत्राचा पाया तिथे घातला गेला. पण एका बाजूने एक बदल झाला आणि त्याच वेळी दुसऱ्या बाजूने लागोपाठ दोन झाले, की या पद्धतीत दोन्हीकडचा मजकूर वेगळा होऊ शकतो, हे पुढच्या दशकात इतर संशोधकांनी दाखवलं. ते डीऑप्टचं कोडं म्हणूनच ओळखलं जातं. १९९५ साली झेरॉक्सच्या पार्क या संशोधन केंद्रातून ज्युपिटर ही पद्धत आली, सारोस तिच्यावरच चालतो. २००३ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी प्रमेयं सिद्ध करणाऱ्या प्रोग्रामकडून, छापून आलेली अशी बदलून घेण्याची सूत्रं तपासून घेतली, तर अनेक सूत्रांना खोटं पाडणारी उदाहरणं निघाली. कागदावर, तज्ज्ञांच्या नजरेखालून गेलेल्या सूत्रांत या चुका राहिल्या. आणि त्या सगळ्या एकाच प्रकारच्या क्षणात होत्या, जेव्हा एकाहून अधिक जणांचे हात एकाच वेळी चालतात. नेमका तोच क्षण तू चाचणीतून हद्दपार करतोस.

तू येतोस कसा, हेही लिहायला हवं. अ‍ॅलिस बॉबला निमंत्रण पाठवते, बॉबच्या स्क्रीनवर खिडकी उघडायला हवी. लिहिणाऱ्याच्या लॅपटॉपवर ती झटकन उघडते. दर बदलानंतर चाचण्या चालवणाऱ्या सीआयच्या सर्व्हरवर एकाच वेळी तीन एक्लिप्स आणि एक चॅट सर्व्हर चालू असतो, तिथे उशीर लागतो, विजेट सापडत नाही, बिल्ड फुटतो. संध्याकाळ झालेली असते, रिलीज तोंडावर असतं. कोणीतरी तुझी एक ओळ टाकतं, कमिटच्या संदेशात "टेस्ट स्टेबल केली" असं लिहितं, रिव्ह्यू करणारा पाहिलं न पाहिल्यासारखं करून मंजुरी देतो. महिन्याभरात सर्व्हरवर आणखी भार येतो आणि पाच हजाराचे दहा हजार होतात. मग वीस हजार. मग चाचणी कधी पास, कधी फेल होऊ लागते आणि "फ्लेकी आहे, रीरन मार" ही टीमची रोजची भाषा होते. शेवटी कोणीतरी त्या चाचणीवर इग्नोरची खूण लावतं आणि ती मेली हेही कुणाला कळत नाही.

हिशेब करायचा तर तोही कर. दोनशे चाचण्या, प्रत्येकीत तू तीन वेळा, म्हणजे ३,००० सेकंद. पन्नास मिनिटं सगळी मशीनं नुसती थांबलेली. दर बिल्डला.

आणि तू भरवशाचा तरी आहेस का? २०१४ साली इलिनॉय विद्यापीठातल्या संशोधकांनी अपाचेच्या ५१ प्रकल्पांतले २०१ कमिट तपासले. अशा कधी पास तर कधी फेल होणाऱ्या चाचण्या दुरुस्त करण्यासाठी ते केलेले होते. ज्यांचं कारण नीट लावता आलं त्यांतल्या ४५ टक्क्यांत मूळ एकच निघालं. दुसरीकडे चाललेलं काम पूर्ण होण्याची नीट वाट न पाहता चाचणी पुढे गेली होती. म्हणजे तुझाच प्रांत. दोन वर्षांनी गूगलने आपल्याकडचे आकडे जाहीर केले. तिथल्या जवळपास १६ टक्के चाचण्यांत थोडाफार असा लहरीपणा होता, आणि पास असलेली चाचणी फेल झाल्याचं दिसलं त्यांतल्या ८४ टक्के वेळा त्यात कुठली ना कुठली लहरी चाचणी गुंतलेली होती. असं असल्यावर लाल रंगावर कोण विश्वास ठेवणार? लांडगा आला रे आला ओरडणाऱ्या पोराची गत बिल्डची होते, आणि खरा बग आला त्या दिवशीही लोक रीरनचं बटण दाबून चहाला जातात.

सगळंच तुझ्या माथी मारत नाही. कीबोर्डची मांडणी चुकीची सांगितली गेली तर बॉट भलतीच अक्षरं टाइप करतो, जर्मन कीबोर्डवर झेड आणि वायच्या जागा उलट असतात. स्क्रीन नसलेल्या सर्व्हरवर विंडो मॅनेजर नसला की फोकस हरवतो. हे दोष वेगळे आहेत आणि त्यांचे इलाजही वेगळे आहेत. पण गंमत बघ, तिथेही लोक आधी तुलाच टाकून पाहतात.

तुझ्यावाचून अडतं, हा तुझा शेवटचा बचाव. नाही अडत. एसडब्ल्यूटीबॉटमध्ये अट देऊन थांबता येतं. बॉबकडे अमुक नावाची खिडकी उघडेपर्यंत थांब, असं सांगायचं. बॉट दर अर्ध्या सेकंदाला पाहतो, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर कमाल मर्यादा पाच सेकंदच असते. तुझेच पाच सेकंद. फरक एवढाच की खिडकी लगेच उघडली तर तो लगेच पुढे जातो, आणि उघडलीच नाही तर तिथल्या तिथे चाचणी फेल करून कशाची वाट पाहत होतो ते सांगतो. मर्यादा साठ सेकंद केली तरी चालणारी चाचणी हळू होत नाही. तू साठ सेकंद झालास तर रोज साठ सेकंद खाणार.

आणि दोघांचे हात एकाच वेळी चालण्याचा तो क्षण? तोही नशिबावर सोडावा लागत नाही. सारोसच्या चौकटीत एकाकडून दुसऱ्याकडे जाणारे निरोप अडवून धरायची सोय आहे. अ‍ॅलिसचे निरोप अडवायचे. तिला "स" टाइप करू द्यायचा. बॉबला दुसऱ्या जागेवरचं अक्षर पुसू द्यायचं. मग अडवलेलं सोडायचं, दोन्हीकडे सगळे बदल लागू होईपर्यंत थांबायचं आणि दोन्ही एडिटरमधला मजकूर अक्षरन् अक्षर ताडून पाहायचा. मशीन हळू असो की वेगवान, टक्कर दर वेळी त्याच जागी होते. "सस" आलं तर चाचणी दर वेळी फेल, "सर" आलं तर दर वेळी पास. हिरव्या रंगाला अर्थ येतो तो असा.

बदलून घेण्याच्या सूत्रांची खरी कसून तपासणी तर खिडक्या न उघडताच करावी. दोन काल्पनिक कागद घ्यावेत, त्यांच्यावर हजारो उलटसुलट बदलांचा मारा करावा आणि शेवटी दोन्ही सारखे आहेत का ते पाहावं. त्याला क्षण लागतात. बटणं दाबणाऱ्या चाचण्या थोड्याच ठेवाव्यात, निमंत्रण, स्वीकार, एकत्र टाइप करणं, एकाने मध्येच निघून जाणं, जोडणी तुटून परत येणं एवढ्यापुरत्या. आणि त्यांतल्या एकीतही तुला जागा नसावी.

हे सगळं मी पोटतिडकीने लिहिते आहे, कारण या प्लगइनच्या दुसऱ्या टोकाला माणसं असतात. एका शहरातली मुलगी आणि दुसऱ्या शहरातला मुलगा एकाच फंक्शनवर तासभर डोकं लावतात. तिने पुसलेली ओळ त्याच्याकडे राहिलेली असते. दोघंही एकमेकांना "माझ्याकडे तर बरोबर दिसतंय" असं सांगत राहतात, आणि दोघंही खरं बोलत असतात. असा घोटाळा माझ्यासमोर आला तेव्हा मी तो झाकणारी चाचणी उघडली. अ‍ॅलिसची ओळ आणि बॉबची ओळ यांच्या मधोमध तू होतास.

तर निकाल ऐक. आमच्या बिल्डमध्ये आता नियम आहे. चाचणीच्या फाइलमध्ये तुझं नाव आलं, मग ते थ्रेडच्या तोंडून असो की बॉटच्या, की बिल्ड तिथेच फुटतो, आणि अपवादासाठी सही कोणाचीच चालत नाही. हे पत्र वाचणाऱ्या प्रत्येक टेस्टरला आणि रिव्ह्यू करणाऱ्याला माझी विनंती आहे. आज आपल्या रिपॉझिटरीत याचं नाव शोधा. जिथे सापडेल तिथे तो कशाची वाट पाहतो आहे ते लिहिणाऱ्याला विचारा, आणि उत्तर मिळालं की ते उत्तरच अट म्हणून त्याच्या जागी लिहा. उत्तर मिळालं नाही तर मंजुरी देऊ नका.

कळावे,
एक टेस्टर