लायसन्स सर्व्हरसाहेबांच्या सेवेशी

माननीय लायसन्स सर्व्हरसाहेब,
मुक्काम: ढगात (म्हणजे नक्की कुठे, ते आपणच जाणे)

सा. न. वि. वि.

मी राजूर, तालुका भोकरदन, जिल्हा जालना येथील आपला परवानाधारक. पैसे घेताना आपण मला चांगलं ओळखलं होतं. नाव, गाव, ईमेल, सगळं लिहून घेतलं होतं. परवा हार्डडिस्क गेली, जालन्याहून नवी बसवून आणली, तर कॉम्प्युटरमधलं ते विकत घेतलेलं सिंथ (म्हणजे सॉफ्टवेअरचं वाद्य) उघडताच आपण विचारलंत, आपण कोण?

आमच्या आप्पांच्या पेटीचा भाता दोनदा बदलला. मूळ पेटी त्यांच्या वडिलांची. हात बदलला, भाता बदलला, दोन सूर नवे बसवले; पण वाजवणारा मूळ मालकच आहे ना, असं पेटीने कधी विचारलं नाही. आपला परवाना मात्र अहस्तांतरणीय. माझ्या माघारी पोराला टेबल मिळेल, स्पीकर मिळतील, सिंथ मिळणार नाही.

आमच्या राजुरेश्वराचं स्थान गणपतीच्या साडेतीन पीठांपैकी एक मानतात. आपण ॲक्टिव्हेशनं देता तीन. वरच्या अर्ध्याचीही सोय नाही. माझं पहिलं व्होल्टेजने खाल्लं, दुसरं हार्डडिस्कने. तिसरं करायला बसलो तो दिवस अंगारकीचा आदला. जालन्याकडून पायी येणाऱ्यांची रीघ लागलेली, प्रत्येकाच्या हातात मोबाइल आणि टॉवर एक. हॉटस्पॉट चालू करून मी गच्चीवर, पाण्याच्या टाकीवर चढून, हात उंच धरून उभा. खाली खोलीत चक्र फिरतंय. भजनी मंडळ माइकसमोर बसलेलं, पखवाजाला लावलेली कणीक वाळायला आलेली. आप्पांनी खालून हाक मारली, "अरे, दाम मोजून आणलंस ना? मग आता परवानगी कुणाची मागतोस?"

यावर आपण काही उत्तर कळवलं तर आभारी राहीन.

आणि हे एकदाचं प्रकरण नव्हे. वडिलांना पेन्शनसाठी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो, वर्षातून एकदा. माझ्या सिंथला दर तीस दिवसांनी. सरकारनेसुद्धा माणसावर वर्षभर भरवसा ठेवावा आणि आपण महिनाभरही ठेवू नये?

इथल्या बॅन्जो पार्टीतल्या एका पोराकडे हेच वाद्य पेनड्राइव्हवरून आलंय, क्रॅक केलेलं. त्याला ना नेट लागतं, ना आपली कधी आठवण येते. मलाही देत होता. नको म्हटलं. कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५अ आलं, त्यात हक्कभंगाच्या हेतूने असलं कुलूप फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आहे. त्याच कायद्याचं कलम ५२ रीतसर प्रत घेणाऱ्याला सॉफ्टवेअरची राखीव प्रत ठेवू देतं. ठेवली आहे. पण तीही उघडायला आपल्याच दारात उभं राहावं लागतं! म्हणजे कुलूप चोरासाठी केलंत आणि बाहेर अडकलाय घरमालक.

आपण आज आहात, उद्याचं काय? स्टाईनबर्ग या संगीत-सॉफ्टवेअर कंपनीची ई-लायसन्सर ही परवान्यांची सेवा २० मे २०२५ ला बंद झाली. त्या सेवेच्या डोंगलवरचा, म्हणजे यूएसबी किल्लीवरचा, जुना परवाना डोंगल धड आहे तोवर चालेल. डोंगल मेला की परवानाही त्याच्याबरोबर सती. उलट प्रॉपेलरहेड कंपनीने रीबर्थ हे त्यांचं १९९७ सालचं सिंथ बंद करताना, २००५ मध्ये, सगळ्यांना फुकट वाटून टाकलं होतं. फुकटचंच आणखी एक: १९८३ मध्ये डेव्ह स्मिथ आणि इकुतारो काकेहाशी या सिंथ बनवणाऱ्यांनी पुढाकार घेऊन मिडी आणलं. या कंपनीच्या कीबोर्डने त्या कंपनीचं वाद्य वाजावं म्हणून केलेली ती भाषा, तिच्यावर रॉयल्टी ठेवली नाही. आजही माझा कीबोर्ड आपल्या सिंथशी त्याच भाषेत बोलतो. फुकटची गोष्ट चाळीस वर्षं अडली नाही, अडतं ते विकतचं.

तरी माझी नम्र विनंती दोनच गोष्टींची. एक, नेटशिवाय चालणारी परवान्याची फाइल द्या, जी मी पेनड्राइव्हमध्ये ठेवीन. दोन, आपण सेवानिवृत्त व्हाल त्या दिवशी जाताना कुलूप काढून जा.

कळावे,
आपला परवानाधारक
(ॲक्टिव्हेशन तिसरे व शेवटचे)

ता. क. रात्री पावणेदोनला आपला होकार आला. तोवर सगळी भजनं आप्पांच्या पेटीवर, काळी दोनमध्ये, रेकॉर्ड होऊन मंडळी घरी गेली होती.