भुतापेक्षा भारी भीती

भयकथांच्या अट्टल वाचकाला भुताखेतांचं काही वाटत नाही. त्याला धास्ती असते ती लेखकाच्या तब्येतीची.

स्टीफन किंगने १९९१ मध्ये ‘द डार्क टॉवर’चा तिसरा भाग संपवला. संपवला कसला, नायक मंडळींना एका माथेफिरू मोनोरेलमध्ये बसवलं, कोड्यांची पैज लावून गाडी सुसाट सोडली आणि स्वतः दुसऱ्या कादंबऱ्या लिहायला निघून गेला. चौथा भाग आला १९९७ मध्ये. तोवर वाचक त्याच डब्यात. कर्करोगाने ग्रासलेल्या एका आजीबाईंनी आणि फाशीच्या कोठडीतल्या एका कैद्याने किंगला गळ घातली, की शेवट तेवढा सांगून टाका, कुणाला बोलणार नाही. (कैद्यावर तरी विश्वास टाकायला हरकत नव्हती.) पण शेवट खुद्द किंगलाच ठाऊक नव्हता!

जून १९९९ मध्ये मेन राज्यात रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या किंगला एका व्हॅनने उडवलं. पाय, कंबर, बरगड्या, सगळ्यांचा चुराडा. चाहते हळहळले, आणि डोळे पुसता पुसता मालिकेचे किती भाग राहिलेत ते मोजू लागले. लेखकाला डांबून त्याच्याकडून हवी ती कादंबरी लिहून घेणारी चाहती किंगने ‘मिझरी’त १९८७ मध्येच रंगवली होती. आपण तिच्यासारखे नाही, असं प्रत्येक चाहता छातीठोकपणे सांगतो. कुऱ्हाड हाताशी नसते, एवढंच.

पुढे २००३ आणि २००४ मध्ये उरलेले तिन्ही भाग लागोपाठ आले. लगेच कुरकुर सुरू: फारच घाईत उरकलं हो!