आपली ती दुर्बीण, दुसऱ्याचं ते नळकांडं

जालन्याच्या मोंढ्यात कापसाची गाडी लागली की व्यापारी हात घालतो तो थेट कोपरापर्यंत. वरचा कापूस तो बघतच नाही. वरचा कापूस बघण्यासाठी नसून दाखवण्यासाठी असतो, हे दोन्ही पक्षांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे. आतली मूठ बाहेर येते, आवळली जाते, सैल होते, कापूस किती फुलून येतो ते तो बघतो. मग सरकी दाताखाली. ‘कट्’ वाजली तर कोरडी, नुसती चेपली तर ओली. एवढं झाल्यावर निकाल लागतो: “तेरा!” तेवढ्यात कुणीतरी ओलाव्याचं मीटर खुपसतं आणि ते साडेदहा दाखवतं. सीसीआय या सरकारी कापूस महामंडळाच्या खरेदीत 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्यावर कपात आणि 12च्या पुढे गाडी परत. त्यामुळे या अडीच टक्क्यांवर जे बोललं जातं ते लेखात छापण्यासारखं नसतं.

आकडा खरा की हात खरा, हे भांडण आमच्याकडे रक्तातच आहे. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालं, कागदावर शिक्का बसला, तरी गिऱ्हाईक ती अंगठ्याने दाबूनच घेतं. अशा गावात चार माणसांनी पक्षी बघण्यासाठी चार वेगवेगळ्या दुर्बिणी घेतल्या तर काय होईल, याचा अंदाज दुर्बिणी बनवणाऱ्या जर्मन लोकांना नसावा.

आमचं ठिकाण घाणेवाडीचा तलाव. निजामाच्या काळात बांधलेला. हिवाळ्यात त्याच्या कडेच्या गाळात परदेशी पाहुणे उतरतात आणि रविवारी सकाळी बांधावर आम्ही. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले काका, जिनिंगवाले शेठ, एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेत आयुष्यभर दाणे उगवत ठेवून मोजलेले एक गृहस्थ (यांना आम्ही लॅबवाले म्हणतो), रोलिंग मिलमधला तरुण फोरमन, आणि मी. माझ्याकडे मामाची जुनी, खांदे उडवल्यासारखी दिसणारी दुर्बीण आहे. तिच्याबद्दल कुणी काही बोलत नाही, घरातल्या म्हाताऱ्या माणसाबद्दल पाहुणे बोलत नाहीत तसं. खरं तर या खांदेवाल्या घडणीचं मूळ 1854चं. पोरो नावाच्या इटालियन माणसाने काचेच्या लोलकांची ही रचना काढली आणि 1894 मध्ये जर्मनीच्या झाइस कंपनीने तिच्यावरून आजची दुर्बीण बाजारात आणली. त्याच पैशात सरळ नळ्यांच्या दुर्बिणीपेक्षा ही बहुधा चांगलं दाखवते. पण सरळ नळ्यांची गळ्यात शोभते. गळ्यात शोभणं मोजण्याचं एकक अजून निघालेलं नाही, म्हणून विक्रीवर त्याचा परिणाम होत नाही असं समजण्याचं कारण नाही.

दुर्बिणीवर दोन आकडे असतात. 8×42 म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते आणि पुढची काच 42 मिलिमीटरची आहे. इथवर कुणाचं भांडण नाही. शेठची दुर्बीण 20×50 आहे. “वीस म्हणजे वीस,” शेठ म्हणतात, “तुमच्या आठच्या अडीचपट. हिशेब सरळ आहे.” काकांनी त्यांना समजावलं, की मोठ्या काचेच्या मापाला पटीने भागलं की मागून डोळ्यात येणाऱ्या उजेडाच्या झोताची रुंदी मिळते. आठवालीत ती सव्वापाच मिलिमीटर, शेठच्या वीसवालीत अडीच. म्हणजे दिवेलागणीला शेठना चक्रवाक दिसेल तो कोळशाच्या पोत्यासारखा. यावर शेठनी दुर्बिणीबरोबर आलेलं माहितीपत्रक काढलं. त्यात ‘संधिप्रकाश गुणांक’ होता. पट आणि काच यांचा गुणाकार करून त्याचं वर्गमूळ काढायचं. शेठचा आला 31.6, काकांच्या 10×42चा जेमतेम 20.5.

“संध्याकाळी कुणाची भारी, सांगा आता.”

काकांनी बघितलं. सूत्र छापलेलं होतं, वर्गमूळ बरोबर होतं, आणि दिवस मावळल्यावर शेठच्या दुर्बिणीत काळोख होता. आयुष्यभर सूत्रांवर धरणं उभी केलेल्या माणसाला एक सूत्र असं भर बांधावर उलटलेलं बघावं लागलं. त्या दिवशी ते लवकर घरी गेले.

घरी जाऊन त्यांनी डोळ्याची बाहुली मोजायला घेतली. कारण गोम तिथेच आहे. तरुणपणी अंधारात बाहुली सात मिलिमीटरपर्यंत उघडते, वयाबरोबर ती आकसत जाते आणि साठीनंतर पाचाच्या आतबाहेर राहते. दुर्बिणीने सात मिलिमीटरचा झोत दिला तरी पाचाच्या बाहुलीत पाचच शिरतो, उरलेल्या उजेडाचे पैसे फुकट. तेव्हा आपली बाहुली किती, हे कळल्याशिवाय दुर्बीण घेण्यात अर्थ नाही, हे काकांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. अडचण मोजण्यात होती. अंधाऱ्या खोलीत आरसा, डोळ्याखाली पट्टी आणि काकूंच्या हातात टॉर्च. टॉर्च लावला की बाहुली लगेच आकसायची, टॉर्च बंद केला की पट्टी दिसायची नाही. अर्धा तास चाललेल्या या प्रयोगानंतर काकू म्हणाल्या, “अहो, साडेचार लिहा आणि जेवायला चला.” काका अजूनही साडेचारच सांगतात. कुणी विचारलं तर “प्रत्यक्ष मोजलंय” असंही सांगतात.

खरी ठिणगी पडली ती बांध वाकडा दिसण्यावरून. फोरमनच्या नव्या दुर्बिणीतून काकांनी पलीकडचा बांध बघितला. मधोमध सरळ, कडेला किंचित वाकलेला. काका गंभीर झाले. निजामाच्या इंजिनिअरने इतक्या वर्षांपूर्वी ओळंब्यात घातलेला बांध जी दुर्बीण वाकवते, ती त्यांच्या लेखी दुर्बीण नव्हती. त्यांची स्वतःची रेघ अगदी सरळ दाखवत होती. पण ती दुर्बीण फोरमनने घेतली आणि उडत्या बदकांच्या थव्यामागे फिरवली, तसा तो मटकन खालीच बसला. “काका, तळं गोल फिरू लागलं! भोपळ्यावरून घरंगळल्यागत!”

गंमत अशी, की दोघंही खरं बोलत होते. रेघा काटेकोर सरळ दाखवणारी दुर्बीण आडवी फिरवली की काही माणसांना सगळं दृश्य एखाद्या गोलावर चिकटवल्यासारखं घरंगळताना दिसतं. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसच्या लोकांनी यावर उतारा काढला: भिंगांच्या गणितात मुद्दाम थोडा दोष ठेवायचा, कडेच्या रेघा जराशा वाकू द्यायच्या, म्हणजे फिरवताना डोळ्याला सरळ वाटतं. मापाच्या टेबलावर जो दोष, तो बांधावर गुण. आणि त्यातही फोरमनला घरंगळणं दिसतं, काकांना मुळीच दिसत नाही, कारण ते ज्याच्या त्याच्या मेंदूवर आहे. हे मी समजावून सांगितलं तेव्हा काका म्हणाले, “म्हणजे दोष याच्या मेंदूत आहे. त्यासाठी माझा बांध कशाला वाकवायचा?”

अखेर लॅबवाल्यांनी शास्त्रीय चाचणी सुचवली. उगवणचाचणीत नमुन्यावर कंपनीचं नाव नसतं, नुसता नंबर असतो, तसंच इथे करायचं. फोरमनने मिलमधून काळी टेप आणली. सगळ्या दुर्बिणींची नावं, आकडे, सोनेरी अक्षरं झाकली. पण हातात घेतल्यावर कोणती कुणाची ते आंधळ्यालाही कळलं असतं. शेठची वीसवाली किलोभर तुरीएवढी भरते. तरी टेप लावलेली असल्यामुळे सगळ्यांना निःपक्षपाती वाटत होतं. वही माझ्याकडे.

आता बघायचं काय? पक्षी हलतात. लॅबवाल्यांनी खिशातून बियाण्याचं रिकामं पाकीट काढलं. ते नेहमी असतंच त्यांच्या खिशात, सुपारीसारखं. ते बारीक छपाईची बाजू आमच्याकडे करून बाभळीच्या काट्यात अडकवायचं आणि चाळीस पावलांवरून वाचायचं, असं ठरलं. अडकवायला काका गेले. काका गेले तेव्हाच आम्हाला शंका यायला हवी होती, कारण काका कुणाचं काम आपण होऊन करत नाहीत.

लॅबवाल्यांनी पहिली दुर्बीण लावली, चाक फिरवलं. “उगवण 75 टक्के. स्वच्छ!” मी लिहिलं. दुसरी लावली. “हिच्यातही 75, पण जरा पिवळसर.” शेठनी वीसवाली लावली. हात थरथरत होते, कारण वीसपटीत बदक वीसपट जवळ येतं तसा हाताचा कंपही वीसपट होतो. तरी म्हणाले, “75. लख्ख!” फोरमनने डोळे बारीक केले आणि “75च असावं” असं थोडं हातचं राखून सांगितलं. त्याचं मी ‘75’ असंच लिहिलं. वहीत ‘असावं’ला रकाना नव्हता. काकांची पाळी आली. त्यांनी एकेक दुर्बीण शांतपणे लावली आणि प्रत्येक वेळी एकच सांगितलं: “पाकीट दिसतं. त्यावर करडा डाग दिसतो. आकडा दिसत नाही.”

“वय झालं,” शेठ हळूच म्हणाले.

आम्ही सगळे बाभळीपाशी गेलो. पाकिटावर 90 होतं. लॅबवाल्यांचं पाकीट कपाशीचं. कपाशीच्या संकरित बियाण्याला किमान 75 टक्के उगवण लागते, हा आकडा त्यांच्या इतका अंगवळणी पडलेला, की ते दुर्बीण न लावताही वाचून दाखवतील. काकांनी ते वहाणेखाली दाबलं होतं आणि त्याच्या जागी भोकरदनच्या मेहुण्याकडून आलेलं मक्याचं लावलं होतं. मक्याला 90 लागते.

यावर जी शांतता पसरली तिचा फायदा घेऊन काकांनी पाकिटाच्या मागेच गणित मांडलं. निरोगी डोळ्याला अक्षर वाचता यायला ते डोळ्याशी पाच कलांचा कोन करायला हवं. छपाई दोन मिलिमीटरची. आठपटीच्या दुर्बिणीने ती अकरा मीटरच्या पुढे कुणाच्या बापाला वाचता येणार नाही, दहापटीने चौदा मीटरच्या पुढे. वीसपटीने अठ्ठावीस, तेही हात दगडासारखा स्थिर असेल तर. आणि चाळीस पावलं म्हणजे तीस मीटर. “म्हणजे तुमच्यातल्या एकालाही काही दिसलं नाही,” काका म्हणाले, “फक्त दुर्बिणी चांगल्या निघाल्या.”

मला मात्र त्या दिवशी लॅबवाल्यांचं काही चुकलं असं वाटलं नाही. त्यांना 75 खरोखरच दिसलं होतं. दुर्बीण उजेड आणून सोडते फक्त; वाचतं ते डोक्यातलं जुनं सामान. नव्वद टक्के उजेड आत सोडणारी काच आणि शहाऐंशी टक्के सोडणारी काच एकामागून एक लावली तर हा फरक डोळ्याला कळतही नाही, पण दोन लाखांची आणि चार हजारांची, हा फरक टेप लावूनही कळतो. दोन लाख मोजलेल्या माणसाला सगळं स्वच्छ दिसलंच पाहिजे, नाहीतर घरी काय सांगणार?

एवढ्यात एक शेळ्या राखणारा पोरगा बराच वेळ आमच्याकडे बघत होता तो जवळ आला. “काय बघू लागले एवढं?” अशा वेळी लेखांमध्ये साधा गुराखी एकच वाक्य बोलतो आणि शिकलेल्या माणसांचे डोळे उघडतात. मी वही सरसावून बसलो. फोरमनने त्याच्या हातात आपली दुर्बीण दिली. त्याने ती लावली, पलीकडच्या काठावर फिरवली, एका जागी थांबला, “आयला!” म्हणाला आणि दुर्बीण माझ्या अंगावर टाकून पळत सुटला. त्याच्या दोन शेळ्या कुणाच्या तरी ज्वारीत शिरल्या होत्या. कोणती दुर्बीण चांगली, हे सांगायला तो परत आला नाही.

अकरानंतर काळ्या रानावरून झळा उठायला लागतात आणि मग सगळ्या दुर्बिणी सारख्याच, दोन लाखांचीही आणि मामाचीही, सगळ्यांत पाणी उकळताना दिसतं. त्याच्या थोडं आधी गाळावर एक टिलवा उतरला. चिमणीएवढा पक्षी, दिवसभर चिखलात चोच खुपसत फिरणारा. छोटा टिलवा असेल तर पाय काळे, टेमिंकचा असेल तर पिवळसर हिरवे. झालं! शेठना पिवळे दिसले. फोरमनला काळे दिसले. शेठच्या भिंगावर पिवळी झाक आहे, असं काकांनी सांगितलं. काकांच्या डोळ्यात मोतीबिंदूची सुरुवात आहे, तोही जग पिवळं करतो, असं शेठनी सांगितलं. मी म्हटलं, पायाला गाळ लागलाय, गाळाचा रंग बघताय तुम्ही. यावर तिघंही माझ्यावर एकदम उलटले, कारण गाळ हा मुद्दा कुठल्याच माहितीपत्रकात नव्हता.

पाचही जण पायांवर नजर रोखून बसलो होतो आणि टिलवा भुर्रकन उडाला. उडताना शेपटीच्या कडा पांढऱ्या दिसल्या तर टेमिंकचा, राखी दिसल्या तर छोटा. पायापेक्षा ही खूण कितीतरी पक्की.

“शेपूट कुणी बघितली?” काकांनी विचारलं.

शेठ बांधाकडे बघायला लागले. फोरमनने चष्मा पुसायला घेतला.

“मी बघितली,” लॅबवाले म्हणाले. “पांढरी. स्वच्छ!”

काकांनी माझ्या हातातली वही घेतली, पेनचं टोपण काढलं. “किती टक्के?”