वाटेत अकोला लागतं

अकोल्याच्या शिवणी विमानतळापासून अमरावतीचा बेलोरा विमानतळ किती लांब? कावळ्याला विचाराल तर सत्तर किलोमीटर सांगेल. मुंबईहून अमरावतीला येणारं पंख्याचं एटीआर विमान ते आठ-दहा मिनिटांत कापेल. मोटारवाला म्हणेल, पावणेदोन तास. मुर्तिजापूरला चहा घेतला तर दोन. सरकारी हिशेबात मात्र हे अंतर चारशे मीटर आहे, आणि ते अजून कापून व्हायचं आहे.

त्याचं असं आहे. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर. १६ एप्रिल २०२५ ला तिथून मुंबईची विमानसेवा सुरू झाली. अकोल्याची शिवणी वयानं थोरली, १९४३ ची. पण १४०० मीटरवर तिची वाढ खुंटली. ती १८०० मीटर होणार, हे ऐकत इथली पोरं बाप झाली.

चारशे मीटरना किती वेळ लागतो, हे वऱ्हाडाइतकं कोणालाच ठाऊक नसावं. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर लोणी ते माना ७५ किलोमीटरची एक लेन १०५ तास ३३ मिनिटांत डांबरली गेली. कतारचा विक्रम मोडला, गिनीज बुकात नाव लागलं. म्हणजे तासाला ७१० मीटर. या वेगानं चारशे मीटरना चौतीस मिनिटं. जाणकार म्हणतील, धावपट्टी लेनपेक्षा रुंद असते. बरं, बारा लेन धरा. संध्याकाळी रोलर सुरू केला तर कोंबडा आरवायच्या आत काम फत्ते! पण धावपट्टीला डांबराआधी कागद अंथरावा लागतो, आणि कागदावरून रोलर चालत नाही.

तोवर अकोलेकरानं काय करायचं? मुंबई पश्चिमेला, म्हणून आधी पूर्वेला जायचं. आमचे शेजारी परवा असेच गेले. पहाटे उठून बेलोरा गाठलं, विमानात बसले, आणि दहा मिनिटांत उजव्या खिडकीत अकोला हजर! मोर्णा नदीची वळणं ओळखली, आपली गच्ची कुठे असेल याचा अंदाजही बांधला.

परतीला पुन्हा तेच. मुंबई ते घराचं आभाळ, दीड तास. घराचं आभाळ ते घराचा उंबरठा, दोन तासांहून जास्त. कारण विमान पुढे बेलोऱ्याला गेलं आणि शेजारी त्याच्यासोबत.

रात्री ओसरीवर पाय चोळत बसले होते. मी विचारलं, "कसा झाला प्रवास?"

"आता काय सांगू भाऊ," ते म्हणाले, "खाली आपलं गाव दिसून राह्यलं, अन् उतरता येईना. यष्टी असती तं घंटी मारली असती!"