गुंठ्यांत मोजलेला वेग

उंच, जड आणि चौकोनी मोटारीला शर्यतीच्या मोटारीचे इंजिन बसवून ती कोट्यवधी रुपयांना विकता येते, या शोधाची अर्थशास्त्राच्या ग्रंथांनी फारशी दखल घेतली नसली तरी पश्चिम महाराष्ट्राच्या समाजजीवनाने ती मनापासून घेतलेली आहे. या वाहनप्रकाराला बाजारात ‘परफॉर्मन्स एसयूव्ही’ असे म्हणतात. एसयूव्ही म्हणजे कच्च्या रस्त्यावर, चढणीला आणि चिखलात अडू नये म्हणून जमिनीपासून उंच ठेवलेली गाडी. तिच्यामागे परफॉर्मन्स हे विशेषण लागले की तिची किंमत इतकी वाढते की मालक तिला चिखलाच्या वाऱ्यालाही उभी करत नाही. २००२ साली पोर्शे या स्पोर्ट्स कारसाठी नावाजलेल्या जर्मन कंपनीने केयेन ही अशी गाडी बाजारात आणली, तेव्हा जुन्या चाहत्यांनी धर्म बुडाल्याची हाकाटी केली. परंतु त्याच गाडीने कंपनीची तिजोरी भरल्यावर धर्माचे नियम आपोआप शिथिल झाले, आणि पुढे २०१७ च्या अखेरीस लॅम्बोर्गिनीची उरुस व २०२२ मध्ये फेरारीची पुरोसांग्वे अवतरल्यावर बुडण्याजोगे असे काही शिल्लकच राहिले नाही.

या गाड्यांच्या रचनेचा अभ्यास केल्यास असे आढळते की त्यांतील पुष्कळसे अभियांत्रिकी कौशल्य आधी हौसेने विकत घेतलेला दोष झाकण्यात खर्ची पडलेले असते. गाडी उंच केली की तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती बाहेरच्या अंगाला झुकू लागते. हे झुकणे ग्राहकाच्या प्रतिष्ठेला शोभत नसल्यामुळे दोन्ही बाजूंच्या चाकांना जोडणारा, ४८ व्होल्टच्या विद्युत मोटारीने पिळला जाणारा दांडा बसवून तिला सरळ उभे ठेवले जाते. गाडीचे वजन सुमारे २,२०० किलो भरते, म्हणून तिला थांबवण्यासाठी उरुसच्या पुढच्या चाकांत ४४० मिलिमीटर व्यासाच्या कार्बन-सिरॅमिक, म्हणजे प्रचंड उष्णतेतही न वितळणाऱ्या पदार्थाच्या, चकत्या घालाव्या लागतात. शिवाय पोलादी स्प्रिंगांच्या जागी हवेच्या फुगणाऱ्या पिशव्या असतात, ज्यांना एअर सस्पेन्शन म्हणतात, आणि त्यांच्या योगाने गाडीचा तळ जमिनीपासून १५८ मिलिमीटरपर्यंत खाली बसतो किंवा २४८ मिलिमीटरपर्यंत वर उठतो. तात्पर्य, ग्राहक प्रथम उंचीचे पैसे देतो, मग ती उंची जाणवू नये याचे देतो आणि शेवटी लागेल तेव्हा ती परत मिळावी याचेही देतो.

एवढ्या खटाटोपातून निष्पन्न होणारा वेग मात्र खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. उरुसच्या पहिल्या आवृत्तीतील चार लिटरचे, दोन टर्बोंचे, ६५० अश्वशक्तीचे इंजिन तिला ३.६ सेकंदांत ताशी १०० किलोमीटरवर नेते आणि तिचा कमाल वेग ताशी ३०५ किलोमीटर आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर ताशी १०० ची मर्यादा असून घाटात ती आणखी कमी होते. त्यामुळे सुमारे साडेचौऱ्याण्णव किलोमीटरच्या त्या प्रवासात गाडीच्या गुणवत्तेचा कायदेशीर उपभोग टोलनाक्यापुढील साडेतीन सेकंदांतच आटोपतो आणि उरलेला वेळ मालकाने वातानुकूलित आसनावर बसून पुढच्या ट्रकच्या मागील बाजूचे वाङ्मय वाचण्यात घालवायचा असतो. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ची मुभा आहे, म्हणजे तेथेही सुमारे १८५ ची क्षमता डिक्कीत बंद करून न्यावी लागते. उलट बाजूने पाहता, गतिरोधकासाठी इंडियन रोड्स काँग्रेसने ३.७ मीटर रुंदी आणि १० सेंटिमीटर उंची अशी मापे सांगितली आहेत. परंतु अपघातानंतरच्या रात्री ग्रामस्थांनी स्वखर्चाने घातलेल्या गतिरोधकास ही मापे कळवण्याची कोणतीही व्यवस्था नसल्याने, ताशी ३०५ चे यंत्र तेथे पोट वर घेऊन, तिरपे होऊन, एकेक चाक जपून टाकत पुढे सरकते, आणि मागून आलेला दुधाचे कॅन लावलेला मोटारसायकलस्वार न थांबता निघून जातो.

तथापि वेग हा या खरेदीचा हेतू आहे असे समजणे अशास्त्रीय ठरेल. पुण्याभोवतालच्या गावांत जमिनीचे भाव वाढल्यावर जो नवा वर्ग उदयास आला त्याला लोकव्यवहारात ‘गुंठामंत्री’ म्हणतात; गुंठा म्हणजे एकराचा चाळिसावा भाग, आणि मंत्री हे पद येथे खात्याविना भूषवले जाते. या वर्गात नवी गाडी घेणे हा समारंभ असतो, आणि त्यात किंमत ही अडचण नसून पात्रता असते. परदेशातून पूर्ण जुळणी होऊन येणाऱ्या गाडीवर आयातीचे कर तिच्या मूळ किमतीइतके किंवा त्याहून अधिक चढतात; त्यावर २२ सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के वस्तू व सेवा कर लागतो, जो पूर्वीच्या २८ टक्के कर व २२ टक्के अधिभारापेक्षा कमी असून शासनाने या गाड्यांना शीतपेयांच्या पंक्तीला नेऊन बसवले आहे. राज्याचा एकरकमी वाहनकर महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून जास्तीत जास्त ३० लाख रुपये आहे, आधी ही मर्यादा २० लाख होती. कमाल मर्यादेचा अर्थ असा की त्यापुढे गाडी जितकी महाग, तितका तिच्यावरील कराचा दर कमी. गरजूंना सवलत देण्याचे हे धोरण ज्या बारकाईने आखले गेले आहे तिची तुलना अन्य कोणत्याही योजनेशी होऊ शकत नाही. यानंतर उरतो तो क्रमांक. २०२४ च्या सुधारित दरांनुसार पुण्या-मुंबईसारख्या शहरांत ‘०००१’ साठी सहा लाख रुपये मोजावे लागतात, म्हणजे गाडीवरील एका पत्र्याची किंमत एखाद्या शिक्षकाच्या आख्ख्या मोटारीइतकी होते, आणि गावच्या चौकात चर्चा होते ती नेमकी त्या पत्र्याचीच.

ज्यांची जमीन अद्याप विकली गेलेली नाही, किंवा विकली गेली पण भावकीत वाटली गेली, त्यांच्यासाठी सेकंडहँडचा मार्ग खुला असतो. या मार्गाचे तत्त्वज्ञान घसाऱ्यावर उभे आहे. घसारा म्हणजे वापर आणि वय यांमुळे वस्तूच्या मूल्यात होणारी घट. वाहन विम्याच्या प्रचलित तक्त्यात ती पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षअखेरपर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के धरली जाते, म्हणजे दोन कोटींची गाडी पाचव्या वर्षी कागदोपत्री एक कोटीची होते. येथपर्यंतचे गणित प्रत्येक घरातील मेव्हण्याला तोंडपाठ असते आणि तो ते जेवणाच्या पंगतीत सविस्तर मांडतो. मेव्हणा जे मांडत नाही ते असे की, गाडीची किंमत निम्मी होते तशी तिच्या सुट्या भागांची होत नाही. कार्बन-सिरॅमिक चकत्यांना, हवेच्या पिशव्यांना आणि पिशव्या फुगवणाऱ्या कॉम्प्रेसरला आपण एका जुन्या गाडीत आहोत याची जाणीव नसते. अनेक आधुनिक व्ही-आठ इंजिनांत दोन्ही टर्बो सिलिंडरांच्या दोन रांगांमधील खोबणीत बसवलेले असतात. त्याने जागा वाचते आणि पायाच्या दाबाला इंजिन चटकन प्रतिसाद देते, पण सगळी उष्णता तेथेच कोंडून भोवतालचे रबर, प्लास्टिक व तारा वर्षानुवर्षे भाजत राहतात. हे भाजणे पहिल्या मालकाच्या वॉरंटीत घडते आणि त्याचा परिणाम दुसऱ्या मालकाच्या बँक खात्यात दिसतो. अशा वेळी ६५० अश्वशक्तीची गाडी टोचन लावून ट्रॅक्टरमागे निघते, तेव्हा तिच्या समोरची लोखंडी शक्ती जेमतेम ४५ अश्वांची असते.

कागदपत्रांची शाखाही अभ्यसनीय आहे. वाहनकर वाचवण्यासाठी पुदुच्चेरीच्या पत्त्यावर गाडी नोंदवण्याची रीत देशात प्रसिद्ध असून केरळात २०१७ साली अशा प्रकरणांत गुन्हेही दाखल झाले होते. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ४७ नुसार दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवल्यास नवी नोंदणी घ्यावी लागते व इथला कर भरावा लागतो. त्यामुळे स्वस्तात मिळालेली परराज्याच्या पासिंगची गाडी दर अकरा महिन्यांनी ‘नुकतीच आली’ असे सांगण्याची जबाबदारी नव्या मालकावर येते. गाडीवर कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवल्याचा नमुना ३५ आणि हस्तांतरणाचे नमुने २९ व ३० हातात पडेपर्यंत ती गाडी खरेदीदाराच्या दारात असली तरी मालकीने दुसऱ्याचीच असते, हे पूजा आटोपल्यावर लक्षात येते.

तरीही ज्या वाचकाला जुनी गाडी घ्यायचीच असेल, त्याने शिवलेले चामडे, सनरूफ आणि एक्झॉस्टचा आवाज यांची स्तुती विक्रेत्यावर सोपवून प्रथम सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढून पाहावा. पट्ट्याच्या आतल्या टोकाला वाळलेल्या गाळाची रेघ असेल, तर गाडीने पुराचे पाणी पाहिलेले आहे. इंजिनात शिरलेले पाणी दाबले जात नसल्यामुळे आतील दांडे वाकतात, आणि त्याची भरपाई साध्या विमा पॉलिसीत सहसा मिळत नाही, त्यासाठी इंजिन संरक्षणाचे वेगळे कलम घ्यावे लागते. रेघ दिसल्यास पट्टा हळूच सोडावा, मेव्हण्याला उठवावे आणि चहा न पिता घरी यावे.