अर्ज चारशे पट, बिल अजून बाकी

ऑगस्ट 2024 मध्ये दिल्लीतली एक दुचाकी विकणारी कंपनी 12 कोटी रुपये उभे करायला शेअर बाजारात उतरली. दोन शोरूम, आठ कर्मचारी. लोकांनी सुमारे 4,800 कोटींचे अर्ज भरले! याला छोट्या उद्योगाला दिलेला हात म्हणू नका. पहिल्या दिवशी भाव चढेल, विकून मोकळं होऊ, एवढाच तो हिशेब होता.

2012 मध्ये बीएसई आणि एनएसईने छोट्या कंपन्यांसाठी वेगळे मंच काढले, ते योग्यच होतं. कर्जाला सहसा तारण लागतं, भागभांडवलाला लागत नाही. पण तिथे सट्टा शिरला. मग बाजार नियामक सेबीने अट घातली : आधीच्या तीनपैकी दोन वर्षं किमान एक कोटीचा ऑपरेटिंग नफा दाखवा. चांगलं केलं, उशिरा केलं.

पुण्याजवळच्या भोसरीत शेड टाकून दोन लेथ चालवणाऱ्याला मात्र आयपीओ नकोच आहे. त्याला स्वतःचे पैसे हवेत. माल पोचला, चलनावर शिक्का बसला, बिल गेलं. मोठी कंपनी सांगते, पेमेंट नव्वद दिवसांनी. तोवर पगार करायचे, वीजबिल भरायचं आणि हातात न आलेल्या पैशांवरचा जीएसटीही पदरचा भरायचा. 2006 चा सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांचा कायदा जास्तीत जास्त 45 दिवस देतो, पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज लावतो. पण तक्रार करणार कोण? केली की पुढची ऑर्डर गेली.

यावर ट्रेड्स नावाची सोय आहे. कंपनीने तिथे बिल मान्य केलं की बँका बोली लावतात, पुरवठादार परवडणारी बोली घेतो आणि पैसे खात्यात येतात. व्याज ठरतं मोठ्या कंपनीची पत पाहून. तिने पैसे थकवले तरी बँक पुरवठादाराच्या दारात येत नाही. छोट्यांचा खरा भांडवलबाजार हा! केंद्राच्या अधिसूचनेने 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना 31 मार्च 2025 पर्यंत इथे नोंदणी सक्तीची केली. फक्त नोंदणी. बिल चढवण्याची सक्ती त्या अधिसूचनेत नाही. म्हणजे किल्ली बिल थकवणाऱ्याच्याच खिशात.

बिलाची नोंद जीएसटीच्या यंत्रणेत होतेच. तिथूनच ते थेट ट्रेड्सवर जाऊ द्या. खरेदीदाराची हरकत असेल तर त्याने आठवड्याभरात लेखी द्यावी. नाही दिली तर बिल मान्य धरा आणि बोली सुरू करा.