तिमाहीवाले

मुंबईच्या लोकलमध्ये खिडकीवाले, दारवाले, भजनवाले, पत्तेवाले असे नाना पंथ नांदतात. तीन महिन्यांचा पास काढणारा तिमाहीवाला यांपैकी कुठल्याही पंथात सापडतो, पण तो ओळखू येतो टीसी चढल्यावर. बाकीचे खिसे चाचपत असताना हा मागण्याआधीच पास पुढे करतो आणि टीसीने न बघताच मान डोलावली तर हिरमुसतो. पास मोबाइलमध्ये गेला तरी वरच्या खिशातलं प्लास्टिकचं पाकीट त्याने अजून टाकलेलं नाही. विनातिकीट माणसाबद्दल त्याला कमालीची चीड, आणि ती नीतीपेक्षा हिशेबातून आलेली: किमान २५० रुपये दंड अधिक भाडं, म्हणजे महिन्याच्या पासाहून जास्त पैसे एका फटक्यात! तिमाहीवाल्याला लोक सरसकट चिक्कू म्हणतात. माझ्या मते हा त्याच्यावर शुद्ध अन्याय आहे. चिक्कू माणूस पैसे वाचवतो. तिमाहीवाला पैसे वसूल करतो. आणि वसुलीच्या नादात वाचलेले पैसे हातोहात घालवण्याची त्याची तयारी असते.

पुरावा साधा आहे. ठाणे ते सीएसएमटी सेकंड क्लासचं एकेरी तिकीट १० रुपये, महिन्याचा पास २१५. महिन्यात सव्वीस दिवस कामावर जाणाऱ्याच्या बावन्न फेऱ्या होतात, म्हणजे सुट्या तिकिटांचे ५२० रुपये. निम्म्याहून जास्त पैसे पास काढल्याक्षणीच वाचले, आणि ते रेल्वेने वाचवले. उपनगरी पासाचं सूत्र मुळात पंधराएक एकेरी फेऱ्यांच्या भाड्यावर बेतलेलं, वर अधिभार वगैरे. त्यात याचं कर्तृत्व शून्य. याचं कर्तृत्व सुरू होतं ते तिमाहीपासून. तीन महिन्यांच्या पासाला मासिकाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दहा टक्के सूट. ठाणेकराला तीन महिन्यांत साठेक रुपये सुटतात. महिन्याला एक वडापाव, तोही चहाशिवाय! या एका वडापावाचं तत्त्वज्ञान तो मुलुंड ते मस्जिद सांगत येतो. शिवाय २१५ रुपये बाविसाव्या फेरीला, म्हणजे अकराव्या दिवशी संध्याकाळी, वसूल होतात. ही त्याची एकादशी. त्यानंतरचा प्रत्येक प्रवास त्याच्या लेखी फुकट, म्हणून रविवारी तो भायखळ्याला भाजी आणायला जातो. ठाण्यात तीच भाजी घराखाली मिळते. भायखळ्यात स्वस्त म्हणून दुप्पट घेतली जाते, त्यातली अर्धी बुधवारपर्यंत सडते. पण प्रवास फुकट झाला ना!

यावर कोणी म्हणेल, एवढा हिशेबी आहे तर वर्षाचा पास का काढत नाही? इथे तो तुम्हाला सहज पकडतो. सहामाहीला ५.४ पट, वार्षिकाला १०.८ पट, भागून बघा, महिन्याचा दर तिमाहीइतकाच. सूट तीन महिन्यांवर थांबते, पुढे नुसते पैसे आगाऊ अडकतात. हे त्याचं म्हणणं बिनतोड आहे. खरं कारण मात्र निराळं. वर्षाचा पास काढला की वर्षभर डोकं लढवायला काही उरत नाही. तिमाही दरवेळी कुठल्या तारखेला संपवायची ही खरी कला. गणपतीला गावी निघायच्या आदल्या दिवशी ती संपली पाहिजे, दिवाळीची सुट्टी तिच्या पोटात येता कामा नये. घरात मुंज ठरत असेल तर पंचांगाबरोबर पासही उघडला जातो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. ज्याचा पगारच तुटपुंजा, त्याच्यासाठी वीस रुपये वीसच असतात. त्याची थट्टा कशाला? मान्य. बेस्टचं किमान भाडं २०२५च्या मे महिन्यात ५ रुपयांवरून थेट १० झालं, तेव्हा स्टेशनपासून कचेरीपर्यंत पायी जाऊ लागलेल्यांना विनोद सुचला नसेल. पण गरजू माणूस वाचवतो आणि गप्प बसतो. तिमाहीवाला बोलतो. आणि गंमत म्हणजे त्याच्या बोलण्याचा उपयोग गरजूला झालेला आहे. जून २०१४ मध्ये रेल्वेने पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर करायचं जाहीर केलं, म्हणजे पास जवळपास दुप्पट. डब्याडब्यात आकडेमोड सुरू झाली, विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, महाराष्ट्रातले खासदार रेल्वेमंत्र्यांकडे धावले आणि काही दिवसांतच निर्णय मागे घेतला गेला. ज्याला आपली एकादशी पाठ असते, त्याला ती लांबलेली लगेच कळते.

सध्या त्याच्यावर संकट आहे ते घरून कामाचं. आठवड्यातून तीन दिवस कचेरी असेल तर बारा-तेरा दिवस भरतात, पास निभतो. दोनच दिवस बोलावलं की आठ-नऊ दिवसांवर गाडी अडते. सुटं तिकीट स्वस्त पडतं हे त्याला कळतं, तरी आर-वॉलेटच्या तीन टक्के बोनसावर समाधान मानणं त्याच्या स्वभावात नाही. घरी बसायला पगार मिळत असताना अकरावा दिवस मागणारा नोकरदार साहेबांना कोड्यात टाकतो.

मग ही वसुलीची भूक एसटीकडे वळते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. बायकोचं अर्धं आणि आपलं पूर्ण, हे आधी त्याला झोंबलं. नंतर त्याने सरासरी काढली: दोघांत दीड तिकीट, म्हणजे आपल्यालाही पंचवीस टक्के सूट. पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना तर एसटी फुकटच. तेव्हापासून साताऱ्याला जायचं निघालं की सासूबाईंना बरोबर घेण्याचा आग्रह तोच धरतो, कारण त्या आल्या की तिघांची सरासरी थेट अर्ध्या तिकिटावर येते. सासूबाईंना गाडी लागते, ही गोष्ट वेगळी.